अडीच वर्षांची कुमुद

कुमुद,

आज नववा दिवस. अजून पावणेआठ वाजले की माझा हात आपोआप तुझ्या डब्याकडे जातो. काल तर मी पोळ्या मोजून चार घातल्या, झाकण लावलं आणि मग तशीच उभी राहिले. नक्की काय झालंय ते मला अजून समजलेलं नाही. लोक येतात, बसतात, "फार अचानक झालं हो" म्हणतात. मीही "हो, फार अचानक" म्हणते, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरचं बोलणं चाललंय.

त्या दिवशी आपलं भांडण चाललं होतं. तुझ्या धाकट्या भावाच्या, रामभाऊंच्या मुलीच्या लग्नावरून. त्यांनी फोन करून सांगितलं होतं, दोघं या, पण दादाला म्हणावं साध्या कपड्यात ये. तू म्हणालीस, साडीत येऊ देणार असेल तर येईन, नाहीतर लांबूनच आशीर्वाद. आणि मी भाजी डब्यात भरता भरता म्हणाले, "एक दिवस शर्टपँट घातलीस तर काय बिघडणार आहे? अठ्ठावन्न वर्षं घातलीसच ना?"

तू डबा उचललास. "आल्यावर बोलू," एवढंच म्हणालीस आणि दाराशी गेलीस.

मग डबा पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, तू रागानं आपटलास. म्हणून मी मुद्दाम वळले नाही. आपटू दे, म्हटलं, मीही बघते. कुकरला एक शिट्टी होईपर्यंत मी तशीच ओट्याकडे तोंड करून उभी होते. वळले तेव्हा तू दारात होतीस, चप्पल घालायला वाकलेली, एका बाजूला कलंडलेली. एका पायात चप्पल. भाजीचा रस्सा तुझ्या पदरापर्यंत आला होता. मी आधी रस्सा पुसला, कुमुद. आधी साडीचा डाग पुसला आणि मग तुला हाक मारली.

डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता, हृदय एकदम बंद पडलं. ते खरं सांगत असतील. पण ती एक शिट्टी माझ्या कानातून जात नाही.

तुझ्या बाबतीत मला धक्के बसायची सवय व्हायला हवी होती. पहिला तू दिलास तो निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी, जेवणं झाल्यावर. कंपनीनं दिलेली शाल अजून खुर्चीवर होती. तीस वर्षं चाकणच्या रस्त्यानं गेलेला माणूस, टूलरूममध्ये ज्याच्या हाताखाली निम्मी पोरं तयार झाली तो माणूस, माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मंगल, मी बाई आहे. आत्ता झालेली नाही. पहिल्यापासून आहे."

मी काय विचारलं आठवतंय? मी विचारलं, "तुमचं डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी की गुरुवारी?"

तू म्हणालीस, "गुरुवारी."

आणि मी उठून भांडी घासायला गेले. सगळी घासलेली भांडी मी पुन्हा घासली. मग बाहेर येऊन ओरडले, "माझ्याशी लग्न कशाला केलंत मग?" तू मान खाली घालून म्हणालीस, "तेव्हा दुसरं काही करता येतं हेच माहीत नव्हतं. आणि तू आवडली होतीस. दोन्ही खरं आहे." त्या वेळी मला त्यातलं एकच खरं वाटलं. तू मला चौतीस वर्षं फसवलंस, एवढंच. तुला तोवर स्वतःला किती फसवावं लागलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. यायला फार महिने लागले.

मी कासारवाडीला बहिणीकडे निघून गेले. महिनाभर राहिले. बहिणीला कारण सांगितलं नाही, गुडघे दुखतात म्हणाले. परत आले तेव्हा तू दार उघडलंस आणि तुझी मिशी नव्हती. चौतीस वर्षांत तुझा वरचा ओठ मी पहिल्यांदा पाहिला. इतका लहान, नाजूक. मी म्हणाले, "चहा टाका." तू टाकलास. आपण दोघं खिडकीशी बसून प्यायलो. पण मी पिशवी उचलून परत गेले नाही.

पुढं डॉक्टरांच्या फेऱ्या, गोळ्या, कागदपत्रं हे सगळं तू एकटीनं केलंस. मी बरोबर आले नाही. "जाऊन या," म्हणायचे, जसं शिफ्टला जाताना म्हणायचे. आणि मग एक दिवस तू आतल्या खोलीतून साडी नेसून बाहेर आलीस. रेडिमेड ब्लाउज आणला होतास. तो तुझ्या खांद्यावर बसत नव्हता, काखेत चोळामोळा झाला होता आणि पाठीला चार सेफ्टी पिना. मला ते बघवेना. बायको म्हणून नव्हे, शिवणारी म्हणून. तीस वर्षं निगडीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले मी, आणि माझ्या घरातून असला ब्लाउज बाहेर पडणार?

"इकडं या," मी म्हणाले. टेप काढली. तू भिंतीशी उभी राहिलीस, हात थोडे बाजूला धरून, श्वाससुद्धा न घेता. खांदा, छाती, दंड. तुझं अंग मला काय नवीन होतं? पण टेप दोनदा माझ्या हातातून सुटली. मग तू हललीस. आणि मी वैतागून म्हणाले, "अगं, हलू नकोस ना, माप चुकतंय."

चौतीस वर्षं मी तुला "अहो" म्हणत आले होते. ते "अगं" कुठून आलं, मला ठाऊक नाही. तू भिंतीला डोकं टेकवून रडायला लागलीस, आणि मी टेप गळ्यात घालून तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं विचारलं, "नाव काय मग?"

"कुमुद."

"हे कुठून काढलं?"

मग तू सांगितलंस. गावच्या शाळेत तिसरीत कुमुद नावाची मुलगी होती. तिचे वडील बदली होऊन गेले, पण हजेरीतलं नाव गुरुजी बरेच दिवस तसंच वाचायचे. "कुमुद" म्हणून थांबायचे, उत्तर नाही आलं की पुढं जायचे. आणि तू मुलांच्या रांगेत बसून मनातल्या मनात हजेरी द्यायचीस. इतकी वर्षं ते नाव तू सांभाळून ठेवलंस, आणि मला आपल्या घरातल्या डब्यात काय काय आहे ते सगळं माहीत आहे असं वाटायचं.

आपल्या निखिलला मी सांगायला हवं होतं, तू नको, असं मला आजही वाटतं. तू त्याला वाकडच्या त्याच्या घरी जाऊन, साडी नेसून, समोर बसून सांगितलंस. मी म्हणत होते, आधी फोनवर सांग, हळूहळू सांग. तू ऐकलं नाहीस. "अर्धं अर्धं सांगून अठ्ठावन्न वर्षं घालवली," म्हणालीस. त्यानं तुला पाणीसुद्धा विचारलं नाही. "बाबा, आईचा तरी विचार करायचा होता," एवढं बोलून तो आत गेला. तू बसनं परत आलीस, निगडीच्या स्टँडवर उतरून घरापर्यंत चालत, आणि मला म्हणालीस, "सुनेनं पडदे छान लावलेत." त्यानंतर दोन वर्षं तो आपल्याकडे आला नाही. दर रविवारी मला फोन करायचा. तू उचललास की दोन क्षण थांबून "आई आहे का?" विचारायचा. तू म्हणायचीस, "आहे, देते." दोघांमध्ये एवढंच संभाषण उरलं होतं, पण तू ते कधी चुकवलं नाहीस. रविवारी फोनपाशीच बसून असायचीस. मी पाहिलंय.

तळवड्याचं वर्कशॉप मात्र तुझं नशीब होतं. तुझ्याच हाताखाली शिकलेल्या एकानं ते काढलं होतं. त्याला माल तपासायला, नव्या बायकांना माप घ्यायचा व्हर्निअर धरायला शिकवायला जाणतं माणूस हवं होतं. तू त्याला फोनवरच सगळं सांगितलंस. तो म्हणाला, "सर, म्हणजे मॅडम. माप तर तेच राहणार ना? मग या."

पहिल्या दिवशी तू डबा तसाच परत आणलास. दुसऱ्या दिवशीही. तिथल्या बारा बायका जेवायला एकत्र बसायच्या आणि तू लांब, खोक्यावर. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली शोभा, तळवडे गावातलीच, उठून तुझ्याजवळ आली. "म्याडम, आमच्यात बसा की. का आमचं कालवण चालत न्हाई तुमास्नी?" तू म्हणालीस, "तुम्हाला चालेल का?" ती म्हणाली, "आता आमी बोलावतोय म्हंजी चालतंयच की. उठा, गार व्हतंय." त्या संध्याकाळी तू मला तीन वेळा सांगितलंस की शोभाच्या ठेच्यात लसूण जास्त असतो. तीन वेळा. मी समजले.

या अडीच वर्षांत तू जितकी बोललीस तितकी आधीच्या चौतीस वर्षांत बोलली नव्हतीस. नवरा म्हणून तू चांगलाच होतास. हात उगारला नाही, दारू नाही, कधी आवाज चढवला नाही. पण घरात एक माणूस सतत दुसऱ्या खोलीत असल्यासारखं वाटायचं. मला वाटायचं, पुरुष असेच असतात. कुमुद आली आणि ती समोर बसायची. भाजी निवडताना वाद घालायची, माझ्या गिऱ्हाइकांच्या ब्लाउजच्या गळ्यांवर मत द्यायची, सिरियल बघून रडायची, माझ्यावर चिडली की मराठवाड्याचं बोलायला लागायची, "काय बोलायलीस तू, मंगल!" मला राग यायचा, आणि मजाही वाटायची. साठीला आलेल्या बाईला नवीन मैत्रीण मिळावी आणि तिच्या हाताला आपल्याच नवऱ्याची बोटं असावीत, हे कुणाला सांगू? तुलासुद्धा सांगितलं नाही. तू असताना सांगायला हवं होतं.

त्या दिवशी दुपारी तुला दवाखान्यातून घरी आणलं. आधी रामभाऊ आले, भोसरीहून. हातात पिशवी होती. नवी पांढरी पँट, शर्ट आणि टोपी. मला म्हणाले, "वहिनी, झालं ते झालं. आता शेवटचा दिवस हाय. एक दिवस नीट कपडे घालून जाऊ द्या दादाला. काय बिघडायलंय?"

माझंच वाक्य, कुमुद. सकाळी मी तुला म्हणाले होते तेच. ते त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला पहिल्यांदा कळलं की ते कसलं वाक्य आहे. तुला ते ओट्यापाशी उभं राहून ऐकावं लागलं होतं, आणि मग डबा उचलावा लागला होता.

मी म्हणाले, "ती कुमुद म्हणून गेलीय. कुमुद म्हणूनच जाईल."

"असं कसं करायलाव वहिनी? गावात तोंड दाखवायचंय आम्हाला. पोरीचं लग्न तोंडावर हाय."

"मग तुम्ही तोंड दाखवा. मी तिला साडी नेसवते."

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मग माझा खांदा मिळणार नाही." आणि खाली जाऊन उभे राहिले. गेले मात्र नाहीत. गेटपाशीच उभे होते शेवटपर्यंत, पिशवी हातात धरून. त्यांचाही भाऊ गेला होता, एवढं मला तेव्हा दिसलं नाही, आता दिसतंय.

मी आतली खोली लावून घेतली. निळी साडी काढली, तुझ्या आवडीची, आणि तिच्यावरचा ब्लाउज. पण तुझे हात आखडले होते. बाही वर चढेना. मी खूप प्रयत्न केला. शेवटी कात्री घेतली आणि पाठीची शिवण उसवली. वरपासून खालपर्यंत, मीच घातलेला टाका न् टाका. मग तो समोरून घातला आणि कडा तुझ्या पाठीखाली खोचल्या. तीस वर्षांत एवढं वाईट काम मी केलं नव्हतं, आणि एवढं जपूनही नव्हतं केलं.

दार वाजलं. निखिल होता. दोन वर्षांनी तो आपल्या घरात उभा होता आणि तू साडीत होतीस, तो बघत होता. मला वाटलं, हाही आता तेच म्हणणार. मी कात्री हातात धरूनच उभी होते. मग त्यानं विचारलं, "आई, मी काय करू?"

"पाय उचलून धर. निऱ्या नीट करायच्यात."

त्यानं तुझे पाय धरले. दोन्ही हातांनी, छातीशी. आणि मग त्याला रडू फुटलं. "बाबा," म्हणत होता सारखा, "बाबा." मी त्याला थांबवलं नाही, कुमुद. तुला चाललं असतं, असं मला वाटलं. चुकलं असेल तर माफ कर.

खाली उतरवायची वेळ आली तेव्हा पुरुष माणसं पाच-सहाच होती. त्यातली निम्मी मागं मागं सरकत होती. तेवढ्यात जिन्यात गलका झाला. वर्कशॉपच्या बायका. शिफ्ट अर्धी टाकून आल्या होत्या, अंगात कंपनीचे खाकी कोट, पायात सेफ्टी शूज. शोभा पुढं आली, तुझ्याकडे बघितलं, पदरानं डोळे पुसले आणि निखिलला म्हणाली, "दादा, तुमी म्होरं धरा. मागचं आमी बघतो." कुणीतरी म्हणालं, बायका खांदा देत नाहीत. ती म्हणाली, "म्याडमनं आमाला पन्नास किलोची क्रेट कशी उचलायची ते शिकवलंय. तिला उचलाया कुणाला इचारू?"

तिसऱ्या मजल्यावरून खाली शववाहिनीपर्यंत तुला निखिलनं आणि त्या बायकांनी नेलं. वळणावर निखिल अडखळला तेव्हा शोभा मागून म्हणाली, "सावकाश, घाई न्हाई." मी मागून चालत होते. पायऱ्या मोजत होते. का, ते माहीत नाही.

स्मशानाच्या ऑफिसात निखिल माझ्याबरोबर आला, पण खिडकीशी मीच उभी राहिले. आतला माणूस रजिस्टर उघडून बसला होता. साधा, थकलेला. तुझं आधारकार्ड मी पुढं केलं. त्यानं लिहिलं, मयताचं नाव, कुमुद. लिंग, स्त्री. वय, साठ. मग मान वर न करता विचारलं, "नातं?"

एक गोष्ट आपल्यात कायम न बोलता राहिली. निगडीतलंच जुनं घर सोडून दोन वर्षांपूर्वी या सोसायटीत राहायला आलो तेव्हा समोरच्या सावंतबाईंनी विचारलं होतं, "या तुमच्या कोण?" आणि मी पटकन म्हणाले होते, "नणंद." तू माझ्या शेजारी उभी होतीस, हातात कुंडी घेऊन. तू हसून मान डोलावलीस. आत आल्यावर मी म्हणाले, सोपं पडतं गं. तू "हो" म्हणालीस. मग डॉक्टरकडे नणंद, बँकेत नणंद, हळदीकुंकवाला नणंद. दोन वर्षं मी तुझ्यासमोर सगळ्यांना तेच सांगत आले. तू एकदाही तक्रार केली नाहीस. पण दर वेळी तू थोडी बाजूला सरकून उभी राहायचीस, आणि मला ते दिसायचं.

"बाई, नातं सांगा. मागं रांग आहे."

"पत्नी," मी म्हणाले.

त्यानं पेन थांबवलं. कार्ड पुन्हा बघितलं. "मयत स्त्री आहे ना?"

"हो."

"मग तुम्ही?"

"मी तिची पत्नी. मंगल."

"काकू, गडबड झालीय तुमची. असं लिहून नंतर खाडाखोड करता येत नाही. नीट विचार करून सांगा."

मागं रांग होती. निखिल शेजारी होता, सावंतबाईंचे यजमान होते, बाहेर रामभाऊ उभे होते. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले, "छत्तीस वर्षं विचार केलाय. लिहा."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग निखिलकडे. निखिलनं मान डोलावली. आणि त्यानं लिहिलं.